आवाज बंद करून बघ, मग बोलू

पोरी,

काल रात्री तुझं स्टेटस बघितलं. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात 'रॉब्ड', खाली तुटलेलं हार्ट. फोन करणार होतो, मग म्हटलं फोनवर तू नुसतं "हो सर, हो सर" करशील आणि ठेवून देशील, तुझी ती सवय मला माहितीये. म्हणून बसून टाईप करतोय. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी एक सांगून टाकतो. तुझी बॉक्सिंगची फायनल खरंच क्लोज होती. ३-२ ने हरलीस म्हणजे पाच जजपैकी दोघांना तूच जिंकलीस असं वाटलं, आणि शेवटची बेल झाली तेव्हा कॉर्नरमध्ये उभं राहून मलाही वाटलं होतं की हात तुझाच वर जाणार. रेफ्रीने दोघींची मनगटं धरली होती, तू वर छताकडे बघत होतीस आणि तुझ्या उजव्या पायाची टाच टकटक हलत होती, आणि मग वर गेला लाल कॉर्नरचा, म्हणजे समोरच्या पोरीचा हात. येताना बसमध्ये अडीच तास तू हाताचं बँडेजसुद्धा सोडलं नाहीस. मी मागच्या सीटवरून बघत होतो. बोललो नाही, कारण त्या वेळी बोललेलं कुणाच्याच डोक्यात जात नाही, माझ्या तरी गेलं नव्हतं. ते नंतर सांगतो.

आज तुला एक जुनी बाऊट, म्हणजे लढत, सांगायची आहे. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. ६ एप्रिल १९८७, लास व्हेगास, सीझर्स पॅलेस, मिडलवेट, मार्व्हिन हॅगलर विरुद्ध शुगर रे लिओनार्ड. नावं तू ऐकली असशील, रील्समध्ये दोन-चार पंच बघितले असशील, पण आख्खी बाऊट बघितली नसणार. तुम्ही पोरं नॉकआउट बघता, बाऊट बघत नाही.

मी हॅगलरचा माणूस, हे आधीच कबूल करतो म्हणजे नंतर तू म्हणायला नको. टकलू, साउथपॉ म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून लढणारा, ब्रॉकटनच्या पेट्रोनेली बंधूंच्या जिममध्ये घडलेला गडी. टायटल मिळायलाच त्याला किती वर्षं लागली! १९७९ साली याच सीझर्स पॅलेसमध्ये तेव्हाचा चॅम्पियन व्हीटो अँटुओफेर्मोशी पंधरा राउंड लढला, बऱ्याच जणांच्या मते आरामात जिंकलेला, आणि निकाल आला ड्रॉ, म्हणजे बेल्ट चॅम्पियनकडेच. पुढच्या वर्षी लंडनला वेम्बलीत जाऊन तेव्हाच्या चॅम्पियन अ‍ॅलन मिंटरला तिसऱ्या राउंडमध्ये थांबवला, तर तिथल्या पब्लिकने रिंगमध्ये बिअरच्या बाटल्या फेकल्या, चॅम्पियन झालेल्या माणसाला बेल्ट घ्यायच्या ऐवजी डोकं वाचवत पळावं लागलं. त्यानंतर बारा वेळा टायटल राखलं. १९८५ ला टॉमी हर्न्सबरोबरच्या त्या तीन राउंड तर तू बघितल्याच असशील. १९७६ नंतर हा माणूस हरलेलाच नव्हता. पहाटे उठून पळायचा, आणि म्हणायचा की रेशमी पायजम्यात झोपायची सवय लागली की पहाटे पळायला उठणं अवघड जातं. हे वाक्य मी तुम्हाला दर डिसेंबरात ऐकवतो, मला माहितीये तुम्ही मागून हसता.

आणि समोर लिओनार्ड. १९७६ चा ऑलिम्पिक गोल्ड, देखणा, हसरा, टीव्हीचा लाडका. पण १९८२ ला डोळ्याचा पडदा सरकला, ऑपरेशन झालं, रिटायर झाला. मग १९८४ ला एक बाऊट, तीही केव्हिन हॉवर्डशी, जिंकला पण त्यात खाली पडला, परत रिटायर. म्हणजे पाच वर्षांत एक बाऊट! वर मिडलवेटला तो कधी लढलेलाच नव्हता. सगळे म्हणत होते मरायला चाललाय, डोळा घालवून बसेल.

आता नीट वाच. बाऊट रिंगमध्ये सुरू झालीच नाही, टेबलावर सुरू झाली. पैसे हॅगलरला जास्त मिळणार होते, १.२ कोटी डॉलर, लिओनार्डला १.१ कोटी. त्या बदल्यात लिओनार्डच्या माणसांनी काय मागून घेतलं? वीस फुटी मोठी रिंग. दहा औंसाचे ग्लोव्हज. आणि पंधरा नाही, बारा राउंड. पळणाऱ्याला जागा मिळाली, मारणाऱ्याच्या मुठीवर जास्त गादी आली, आणि दमणाऱ्याचे तीन राउंड वाचले. हॅगलरने सही केली. त्याला वाटलं असणार, काय फरक पडतोय, कसाही आला तरी गाठणारच आहे.

लिओनार्डने अजून एक काम केलं जे मला फार आवडतं. पाच वर्षांचा गंज काढायचा म्हणून त्याने बंद दारामागे खऱ्यासारख्या बाऊट्स मारल्या, हेडगार्ड न घालता, रेफ्री वगैरे सगळं लावून. रेकॉर्डला त्यातलं काही नाही. जग म्हणत होतं एकच बाऊट झालीये, आणि हा पठ्ठ्या गपचूप तयारी करून आलेला.

जजचा किस्सा तर तू ऐकच. आधी पॅनलवर हॅरी गिब्ज म्हणून एक ब्रिटिश जज होता. हॅगलरच्या कॅम्पने त्याच्यावर हरकत घेतली, म्हणाले हा नको, मेक्सिकन द्या. दिला. होजे हुआन गेरा. या गेराने कार्ड काय लिहिलं माहितीये? ११८-११० लिओनार्ड! राउंड जिंकला की १०, हरला की ९, म्हणजे बारातले दहा राउंड लिओनार्डला. ते कार्ड बघून माझं अजून डोकं फिरतं, कुणाचा का फॅन असेना, ही बाऊट १०-२ नव्हती म्हणजे नव्हती. आणि तो काढून टाकलेला गिब्ज? त्याने इंग्लंडमध्ये घरी टीव्हीवर बाऊट बघितली आणि नंतर सांगितलं की माझ्या हिशोबाने हॅगलर जिंकला. घे! हॅगलरने स्वतःच्या हाताने स्वतःचं मत बाहेर काढलं बिचाऱ्याने.

आता पहिला राउंड. इथे मी तुला थांबवणार आहे.

बेल होते आणि हॅगलर बाहेर येतो, आणि त्याचा डावा पाय पुढे आहे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं टेप उलटी कॉपी झालीये, तेव्हा व्हीएचएसवर काहीही व्हायचं. पण नाही. आयुष्यभर साउथपॉ लढलेला माणूस, ज्याच्या उजव्या जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ पंचने, लोकांची तोंडं सुजायची, तो आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या बाऊटला ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पाय पुढे टाकून, उभा राहिला. दोन्ही बाजूंनी लढता यायचं त्याला हे खरंय, पण तरी. का केलं यावर लोक अजून वाद घालतात, कोण म्हणतं लिओनार्डने साउथपॉची तयारी केलेली म्हणून त्याला चकवायला, कोण म्हणतं नुसता गर्व, तुझ्यासारखं बॉक्सिंग मलाही येतं हे दाखवायला. मला दुसरं खरं वाटतं. कारण काही असो, झालं काय ते बघ. लिओनार्ड गोल फिरतोय, जॅब, जॅब, एक-दोन, बाजूला. हॅगलरचे पंच हवेत. त्याचे पाय बघ, हात बघू नको. मागचा पाय दर वेळी अर्ध्या पावलाने उशिरा येतोय, म्हणून तो पोचतोय तेव्हा लिओनार्ड तिथून निघून गेलाय. तीन मिनिटं हेच. दुसऱ्या राउंडलाही जवळजवळ हेच. मग साउथपॉवर येतो, पण तोपर्यंत लिओनार्डची भीती गेलीये, पोरगं हसायला लागलंय. चौथ्यात तर त्याने हात गोल फिरवून बोलो पंच पोटात मारला, एखाद्या जत्रेत दाखवतात तसा. लागला किती देव जाणे, पण पब्लिक उठून उभं राहिलं.

पाचव्यापासून बाऊट खरी सुरू होते. हॅगलर जवळ जातो, पाचव्याच्या शेवटी एक उजवा अपरकट, खालून वर येणारा पंच, बसतो आणि लिओनार्डचे गुडघे हलतात. पुढचं सगळं सांगत नाही, तू बघच. फक्त नववा राउंड दोनदा बघ. लिओनार्ड दमलाय, पायात जीव नाहीये, हॅगलर त्याला कोपऱ्यात दाबतोय, आता गेला असं वाटतं, आणि तिथून रोपला पाठ लावून तो असा काही सुटतो दोन्ही हातांनी की बघणाऱ्याला कळतच नाही कोण कुणाला मारतंय. हॅगलरचे पंच जड, लिओनार्डचे जास्त. हा राउंड कुणाला द्यायचा? मी आजवर तीनदा कार्ड केलंय आणि नवव्या राउंडला पेन दर वेळी हवेत थांबलंय.

आणि घड्याळ. लिओनार्डच्या कॉर्नरमधून राउंडची शेवटची तीस सेकंद राहिली की ओरडून सांगायचे, आणि हा लगेच दहा-बारा पंचांची माळ लावायचा. अडीच मिनिटं हॅगलर मागे लागलाय, दाबतोय, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात टाळ्या लिओनार्डला. जज पण माणूसच, बेल झाली की खाली मान घालून आकडा लिहायचा असतो, डोळ्यासमोर शेवटचंच असतं. याला कुणी राउंड चोरणं म्हणतं. मी म्हणतो तो धंदा आहे. आपली पण तिसरी राउंड आठव. शेवटची पंधरा सेकंद. ती लाल कॉर्नरवाली पोरगी काय करत होती आणि तू काय करत होतीस?

निकाल. लू फिलिपो ११५-११३ हॅगलर. गेराचं सांगितलंच. डेव्ह मोरेटी ११५-११३ लिओनार्ड. स्प्लिट डिसिजन, नवा चॅम्पियन. शेवटच्या बेलला हॅगलर नाचत होता, त्याला खात्रीच होती, आणि लिओनार्ड आपल्या माणसांच्या अंगावर कोसळला होता. पंच मोजणाऱ्यांच्या हिशोबात लिओनार्डचे ६२९ पैकी ३०६ लागले, हॅगलरचे ७९२ पैकी २९१. आता यावरून काय ठरवायचं ठरव, पंचाचं वजन कुणी मोजलं नाही.

इथे वही काढ. बारा राउंडमध्ये ७-५ म्हणजे ११५-११३. मोरेटीच्या कार्डवरचा फक्त एक राउंड, एकच, इकडचा तिकडे केला तर होतं ६-६, ११४-११४. मग एक जज हॅगलर, एक जज लिओनार्ड, एक बरोबरी. म्हणजे ड्रॉ. आणि ड्रॉ झाला की बेल्ट चॅम्पियनकडेच राहतो, १९७९ ला अँटुओफेर्मोकडे राहिला तसा, हे हॅगलरइतकं कुणाला माहीत असणार! गेराने १२०-१०८ लिहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं. सगळे गेराला शिव्या घालतात, मी पण घालतो, पण हॅगलरचा बेल्ट गेराच्या कार्डवर गेला नाही. तो एका राउंडवर गेला.

मी तीनदा कार्ड केलं म्हटलं ना, त्याची गोष्ट अशी. पहिल्यांदा बघितली ती एका मित्राच्या घरी, दहा-बारा जण, कॉमेंट्री फुल आवाजात, आणि मनातून हॅगलर हॅगलर करत असूनही माझ्या कागदावर लिओनार्ड जिंकला. रागाने कागद फाडला. खूप वर्षांनी एकटा बसलो आणि आवाज पूर्ण बंद केला. गंमत बघ. आवाज गेला की लिओनार्डच्या त्या माळेतले निम्मे पंच हॅगलरच्या हातांवर, खांद्यावर लागताना दिसतात. ते मोठे वाटत होते कारण हजारो लोक ओरडत होते आणि माईकवाले किंचाळत होते. दोन-तीन राउंड सरळ हॅगलरकडे आले. ११४-११४. तिसऱ्यांदाही तेवढंच. पण पहिले दोन राउंड? आवाज चालू, आवाज बंद, स्लो मोशन, काहीही कर, ते लिओनार्डचेच. ते कुणी चोरले नाहीत. ते हॅगलरने डावा पाय पुढे टाकून आपल्या हाताने दिले.

म्हणून तुला काम देतोय. आपल्या फायनलचा व्हिडिओ तुझ्या भावाने काढलाय, मला माहितीये, स्टँडवरून, हलतो थोडा पण सगळं दिसतं. आवाज बंद कर. हे फार महत्त्वाचं, कारण तुझा भाऊ त्यात आख्खा वेळ "मार तायडे मार" करून असा ओरडलाय की तू नुसता हात वर केलास तरी पंच लागल्यासारखा वाटतो. एकेक राउंड बघ, पॉज कर, १०-९ लिही, पुढे जा. मागे जाऊन खोडायचं नाही, जजला खोडायला मिळत नाही. मग दोन रकाने कर. एकात जजने चुकीचे दिले ते, दुसऱ्यात तू दिलेस ते. पहिल्या रकान्याबद्दल आपण दोघं मिळून पाहिजे तेवढ्या शिव्या घालू, चहा माझ्याकडून.

दुसऱ्या रकान्यात काय येणार याचा मला अंदाज आहे. पहिला राउंड. मी कॉर्नरमधून "जॅब, जॅब" ओरडत होतो आणि तू वाचत होतीस तिला, असं नंतर म्हणालीस. पाऊण मिनिट तू एकही पंच टाकला नाहीस. आपल्याकडे तीनच राउंड असतात गं, हॅगलरकडे बारा होते तरी पुरले नाहीत. तिला जिंकवणाऱ्या त्या तीन जजचं कार्ड २९-२८ असणार, त्यातलं एक कार्ड, एक राउंड उलटला असता तर ३-२ तुझं होतं. हेच ते मोरेटीचं गणित, फक्त छोटं.

आता माझं. मी पण एकदा सेमीफायनलला असाच हरलो, तेव्हा कागदी कार्डं होती, मला अजून वाटतं मी जिंकलो होतो. रेफ्रीशी हात न मिळवता रिंगमधून उतरलो, कॉर्नरवाल्या सरांना वाट्टेल ते बोललो, आणि दोन वर्षं ग्लोव्हजला हात लावला नाही. आईने ते माळ्यावर टाकले, उंदरांनी कुरतडले. परत आलो तेव्हा माझ्या वेटला तीन नवीन पोरं होती आणि माझा दम संपला होता. पण खरं दुखतं ते वेगळंच. त्या बाऊटचा व्हिडिओ नाही. कुणी काढलाच नाही, कोण काढणार तेव्हा. त्यामुळे मी चोरला गेलो का मी दिला, हे मला कधीच कळणार नाही. डोक्यात जी बाऊट आहे त्यात मी दर वर्षी थोडा अजून चांगला लढतो, आता तर जवळजवळ नॉकआउट केलाय मी त्याला. तुझ्याकडे व्हिडिओ आहे. मला मिळाला असता तर मी काहीही दिलं असतं.

हॅगलरचं पुढे काय झालं विचारशील. रीमॅच मागितली, झाली नाही, लिओनार्ड लगेच परत रिटायर झाला, त्याची ती सवयच. हॅगलर थांबला, आणि १९८८ ला म्हणाला बास. इटलीला गेला, सिनेमात कामं केली. परत कधीच लढला नाही, पैसे समोर असूनही. ६२ जिंकल्या, ३ हरल्या, २ ड्रॉ. २०२१ च्या मार्चमध्ये गेला, आणि शेवटपर्यंत म्हणत राहिला की ती बाऊट मीच जिंकलो. मला त्याचा राग येत नाही. त्याच्याकडे ६२ होत्या, त्याला परवडलं. तुझ्याकडे आत्ता अकरा आहेत.

आणि लिओनार्डची एक गोष्ट राहिलीच. १९८९ ला तो टॉमी हर्न्सशी परत लढला, दोनदा खाली पडला, निकाल ड्रॉ. नंतर त्याने स्वतःच कबूल केलं की ती हर्न्स जिंकला होता. म्हणजे ज्याला मिळतं त्यालाही माहीत असतं बरं का. ती लाल कॉर्नरवाली पण तिच्या भावाने काढलेला व्हिडिओ बघत बसली असेल आज, आणि तुझा दुसरा राउंड बघून तिच्या पोटात गोळा येत असेल. जिल्ह्याला परत भेटणार आहे ती तुला, वेट तेच आहे.

स्टेटस काढ असं मी म्हणत नाही, चोवीस तासांनी ते आपोआपच जातं.

सोमवारी साडेपाचला ये. पहाटे, संध्याकाळी नाही. वही आण. मी पण माझं कार्ड करून आणतोय, आवाज बंद करून, आणि एकमेकांचं आधी बघायचं नाही. हॅगलर-लिओनार्ड रविवारी दुपारी बघून टाक, जेवल्यावर नको, झोपशील. आणि ते त्या दिवशीचं बँडेज अजून बॅगेत तसंच ओलं पडलेलं असणार, धुऊन वाळवून आण, वास येतो.

तुझे
सर